हरणीची सोयरीक

आमच्या घरात "व्याही आले" अशी हाळी आली की येणारा माणूस माझा बाप नसतो, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं. नात्याने बघायला गेलं तर माझे वडील माझ्या सासऱ्यांचे खरे व्याही. पण ते आले तर फुलपात्रात चहा, तोही "घेणार ना थोडा?" असं विचारून. शिरूरचे सिद्दीकमामा आले की मात्र कपबशी निघते, चहात आलं पडतं आणि माझे सासरे मारुतराव, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ते गुडघे धरत का होईना पण उठून उभे राहतात. सिद्दीकमामांची लेक आमच्यात दिलेली नाही आणि आमची त्यांच्यात नाही. आमच्याकडून त्यांच्याकडे जाते ती कुत्री.

साधी कुत्री नव्हे, कारवानी. उंच, सडपातळ, लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेलं. ज्याला माहीत नाही तो म्हणतो, हिला खायला घालत नाही का? एकदा पाबळच्या बाजारात एका बाईने आमच्या हरणीपुढे बिस्किटाचा पुडा फोडला आणि वर आबांनाच चार शब्द सुनावले. हरणीने बिस्किटांकडे ढुंकूनही बघितलं नाही. आबा मात्र आमचं केंदूर येईपर्यंत त्या बाईवर धुसफुसत होते.

या सोयरिकीची सुरुवात झाली ती मोटारीमुळे. आबांच्या विहिरीवरची मोटार जळली म्हणून ते शिरूरला सिद्दीकमामांच्या दुकानात गेले. मामा जळलेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचे. आता ते काम त्यांचा मुलगा शाकीर करतो. आबांच्या मागे त्यांची कुत्री होती, मामांच्या दारात त्यांचा कुत्रा होता, आणि मोटार भरून होईपर्यंत इकडे लग्न लागून गेलं. नूरबीमामी तेव्हा नव्या नवरी. त्यांना वाटलं, पोरगी दारात आलीय, रिकामी कशी पाठवायची? त्यांनी नारळ आणि खण आबांच्या हातात ठेवला. आबा मोटार, नारळ आणि खण घेऊन घरी आले, आणि त्या दिवसापासून दोघं एकमेकांचे व्याही झाले ते झालेच.

गंमत म्हणून सुरू झालेलं हे प्रकरण दोघांनी इतक्या नेमाने चालवलं की गमतीचा भाग कधी संपला ते त्यांनाही सांगता यायचं नाही. आबा पडले मुलीकडचे, म्हणून ते शिरूरला गेले की बाजेच्या पायथ्याशी बसतात. मामा मुलाकडचे, म्हणून त्यांचा मानपानावरून रुसवा. "मागच्या खेपेला पानसुपारी इचारली न्हाई," असं ते वर्षवर्ष ऐकवतात. प्रत्येक खेपेला मामींचा खण येतो. मी शिवणकाम करते, त्यामुळे त्याचा ब्लाउज मीच शिवते. माझ्या सासूबाईंच्या, वच्छलाआत्यांच्या, पेटीतले निम्मे ब्लाउज कुत्रीच्या ओटीचे आहेत, आणि हे त्या लग्नसमारंभात अभिमानाने सांगतात. मी तिथून हळूच सटकते.

त्या सोयरिकीत नियमही होते. आबांनी फक्त माद्या सांभाळायच्या, मामांनी फक्त नर. मामा आपला कुत्रा दर वेळी भीमेपलीकडून आणायचे, दौंडच्या पार खालून. आमच्या कुत्रीचं पिल्लू त्यांनी स्वतःच्या दारात कधी ठेवलं नाही. "नातवंडाशी कुनी सोयरीक करतं का?" एवढंच ते म्हणायचे.

आणि सगळ्यात कडक नियम पाण्याचा. लेकीला मूल होईपर्यंत बापाने लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे आपल्याकडे जुनी माणसं पाळायची. आबांनी ते कुत्रीलाही लावलं. कुत्री शिरूरला जाऊन आली की तिला पिल्लं होईपर्यंत आबांना मामांच्या घरचं पाणी बंद. पिल्लं झाली की मामींच्या हातचं पोटभर जेवण. मी नवी होते तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एकदा गावातल्या दुकानात एक जण कौतुकाने म्हणाला, "मारुतराव पक्का मानूस. जातो तिकडं, पर पान्याला शिवत न्हाई." माझं डोकंच फिरलं. घरी येऊन मी आबांना विचारलं, "त्यांच्या घरी बसता, त्यांच्या कुत्र्याशी सोयरीक करता, आणि पाणी बाटवतं का तुम्हाला?" नव्या सुनेने असं बोलावं का, हा प्रश्न आत्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. आबा मात्र हसता हसता खोकायला लागले. मग त्यांनी मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, लोकांना का नाही सांगत? तर म्हणाले, "ज्याला कळायचं त्याला न सांगता कळतं. बाकीच्यांला सांगून काय व्हायचंय?"

मला तेव्हा ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. कारण न सांगितलेल्या गोष्टीचा लोक आपल्याला हवा तो अर्थ लावतात. गेल्या वर्षी जत्रेत कुणाची दुकानं लागावीत आणि कुणाची नाही यावरून गावात बोलणी झाली. तेव्हा तीनचार जण आमच्या ओट्यावर येऊन बसले. आबांना म्हणाले, तुमचं वजन आहे गावात, तुम्ही एवढंच म्हणा की शिरूरच्या त्या माणसाशी आपलं काही नातं नाही. आबांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "पोरगी दिलीय तिथं. नातं न्हाई कसं म्हनू?" ते लोक चहा पिऊन गेले. परत आले नाहीत.

आता कागदाचं सांगते, कारण घोळ तिथून झाला.

हरणीच्या मागच्या वेतातली पिल्लं कुणी घेईना. पूर्वी आबांच्या पिल्लासाठी लोक आधीपासून सांगून ठेवायचे. आता पोरांना चपट्या नाकाचं नाहीतर रुंद जबड्याचं कुत्रं हवं असतं आणि ती पहिला प्रश्न विचारतात, "कागद हाय का?" कागद नाही म्हटलं की कारवानीचं गावठी होतं. एक पिल्लू सणसवाडीला भाड्याच्या खोल्या बांधलेल्या एका माणसाने नेलं आणि गच्चीवर साखळीने बांधलं. पळायला जन्मलेलं जनावर. ज्ञानेश, म्हणजे माझे यजमान, तिथल्याच कंपनीत कामाला आहेत. ते येताजाता बघायचे आणि घरी येऊन आबांना खोटंच सांगायचे, बरं चाललंय म्हणून. पुढे ते पिल्लू मेलं. आबांना ते दुसऱ्याकडून कळलं. ते ज्ञानेशला रागावले नाहीत, पण दोन दिवस नीट जेवले नाहीत.

हरणीचं वय झालंय. आता होईल ते वेत शेवटचं, हे आबांना कळत होतं, आणि आपलंही वय झालंय हेही कळत होतं. कुत्र्यांच्या क्लबाचं शिबिर दौंडला आहे, तिथे तपासून नोंदणी करून देतात, हे मीच मोबाइलवर वाचलं. आधी त्यांनी उडवून लावलं. "मानसाच्या जातीला कागद लागतो त्यो लागतोच. म्हटलं कुत्रं तरी सुटलं आसंल." पण दुसऱ्या दिवशी सकाळी हरणीच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता आपणहून म्हणाले, "सुवर्णा, मी गेल्यावर हिच्या लेकरांला कोन वळखनार? तुमाला ती समदी सारखीच दिसत्यात. कागद तरी वळखंल. चल, जाऊ दौंडला."

माघ संपत आला होता. शाकीरच्या पिकअपमध्ये आम्ही निघालो. मागे हरणी आणि मामांचा बादल, पुढे शाकीर, मी आणि दोन व्याही दाटीवाटीने. शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. आदल्या दिवशीचं लग्न अजून पुरतं उतरलं नव्हतं. दाराला झेंडूच्या माळा, कमानीवर शुभविवाहाची अक्षरं, आणि त्या कमानीखालून चपट्या नाकाचा एक पग घोरत घोरत आत चालला होता.

"व्याही, जागा बराबर निवडली बगा यांनी," आबा म्हणाले.

"मग अक्षता आनल्या का?" मामा म्हणाले. "का त्या बी आमीच आनायच्या?"

पुण्याहून आलेल्या परीक्षक मॅडमनी दोन्ही जनावरांचे दात बघितले, उंची मोजली, मागे हॉलच्या पटांगणात पळवून बघितलं. हरणी वय झालेली असूनही अशी पळाली की बाकीच्या कुत्र्यांचे मालक उठून बघायला लागले. "अशी जोडी बऱ्याच दिवसांनी बघितली," मॅडम म्हणाल्या. दोन्ही कुत्र्यांच्या मानेत ओळखीची चीप बसवली आणि आम्हाला लॅपटॉप घेऊन बसलेल्या एका पोरसवदा माणसाकडे पाठवलं. सुदर्शन त्याचं नाव. चांगला मुलगा, पण समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय नव्हती.

"मादीची आई?"

"चंद्री," आबा सावरून बसले. "चंद्रीची आई काजळी. काजळीची आई वीज. बिजलीगत पळायची म्हनून वीज. तिचा बाप व्याह्यांचा वजीर, त्यो..."

"त्यांची नोंदणी आहे का?"

"न्हाई. मी सांगतोय की."

"मग आई अज्ञात," सुदर्शन म्हणाला आणि टाइप केलं. "बाप अज्ञात."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "माझ्या हातात जलमली ही. आन् आज्ञात?" मी त्यांना समजावलं की नियम आहे, पहिल्या पिढीला असंच लिहितात, हिच्या पिल्लांपासून पुढे नावं लागतील. त्यांनी मान हलवली. पण चंद्री, काजळी, वीज सगळ्याजणी घशात अडकून राहिल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं. मलाही वाईट वाटलं. एवढी नावं तोंडपाठ असणारा माणूस, आणि त्याला कुणी एक नाव लिहू दिलं नाही.

म्हणूनच पुढचा प्रश्न आल्यावर ते खुलले. सुदर्शनने विचारलं, "या जोडीचं वेत घ्यायचं म्हणता ना? मग यांच्यात आधीचं काही नातं आहे का?"

"हाय की," आबा म्हणाले. "न्हाई कसं? जुनं नातं हाय."

"किती जुनं?"

"आता ही चवथी पिढी," मामा म्हणाले. त्यांचाही आवाज चढला होता. "शिरूरात कुनालाबी इचारा."

मी तेवढ्यात हरणीला पाणी पाजायला बाहेर गेले होते. नाहीतर तिथेच तोंडावर हात ठेवला असता दोघांच्या.

चैत्रात हरणी माजावर आली. आबा रिवाजाप्रमाणे तिला शिरूरला घेऊन गेले, येताना नारळ आणि हिरवा खण घेऊन आले, आणि आबांचं पाणी बंद झालं. हरणीचं पोट दिसायला लागलं आणि त्याच आठवड्यात माझ्या मोबाइलवर क्लबाचा मेसेज आला. नर आणि मादी चार पिढ्यांच्या जवळच्या नात्यातले असल्याने या जोडीची पिल्लं नोंदवता येणार नाहीत. मादीसाठी नात्याबाहेरचा नोंदणीकृत नर निवडावा.

मी आबांना विचारलं, तिथे तुम्ही काय सांगितलं? त्यांनी अगदी खुशीत सगळं सांगितलं. मी कपाळावर हात मारला. "आबा, त्यांनी कुत्र्यांचं विचारलं होतं."

"मग मी कुनाचं सांगितलं?"

मी मोबाइल हातात घेतला.

सुदर्शनला फोन लावला. तो म्हणाला, उत्तर मालकांनी दिलंय, ते मालकांनीच बदलावं लागेल. दोघांनी समक्ष यायचं, जनावरं आणायची, चीप तपासून व्हिडिओवर नव्याने सांगायचं. नाहीतर पिल्लं बिनकागदी. हे ऐकून मामा लगेच म्हणाले, जाऊ. आबा उठून हरणीपाशी जाऊन बसले. मला वाटलं उन्हाचा कंटाळा असेल.

वैशाखात क्लबाचे लोक पुन्हा दौंडला आले तेव्हा आम्ही त्याच कार्यालयात गेलो. हरणी आता जड झाली होती, पिकअपमधून तिला उचलून उतरवावं लागलं. मी सरळ मॅडमकडे गेले. म्हटलं, मॅडम, एक सांगते, रागावू नका. हे दोघं व्याही आहेत. म्हणजे कुत्र्यांवरून झालेले. त्यांनी नातं आहे म्हटलं ते सोयरिकीचं. मामा कुत्रा कुठून आणतात, आमचं पिल्लू का ठेवत नाहीत, सगळं सांगितलं.

मॅडम आधी हसल्या. मग खुर्ची ओढून नीट बसल्या. "हा नियम का आलाय माहितीये? कागदासाठी लोक सख्ख्या बहीणभावांची जोडी लावतात. आंधळी, पांगळी पिल्लं होतात. मी बघितलीत."

"मग तुमचा आणि आमचा नियम एकच झाला," मी म्हटलं. "भावकीत सोयरीक होत नाही. रक्त वेगळं असलं तरच माणूस व्याही होतो. हे दोघं व्याही आहेत याचाच अर्थ कुत्र्यांचं रक्त वेगळं आहे. त्यांनी नातं आहे म्हटलं, हीच तर खात्री आहे."

"पटतंय मला," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडे दोनच उत्तरं आहेत. हो किंवा नाही. सोयरीक कुठे लिहू?"

खरंच, कुठे लिहिणार? त्यांचाही दोष नव्हता. मी इतकी वर्षं त्या घरात आहे, ते नातं मलाही एका शब्दात कुणाला सांगता आलेलं नाही.

सुदर्शनने चीप तपासली, दोघांना शेजारी उभं केलं, दोन्ही कुत्र्यांना पुढे बसवलं आणि मोबाइल धरला. "मी विचारीन, तुम्ही एका शब्दात सांगायचं. जास्त काही बोलायचं नाही." मग हाताने चौघांवरून एक गोल फिरवून त्याने विचारलं, "यांच्यात काही नातं आहे का?"

"न्हाई," सिद्दीकमामा म्हणाले. पटकन म्हणाले, दात उपटून घेताना माणूस डोळे मिटून घेतो तसं.

आबा मामांकडे वळून बघत राहिले.

"आबा, तुम्ही," सुदर्शन म्हणाला.

आबांची नजर हरणीवर गेली. ती जीभ काढून धापा टाकत होती, पोट एका अंगाला कललं होतं. जे वाक्य गावातल्या चार माणसांना त्यांनी चहा पाजून नाकारलं होतं, तेच आता या पोटासाठी म्हणायचं होतं. मी पुढे होऊन म्हणणार होते, आबा, फक्त कुत्र्यांचं म्हणा. पण सुदर्शनने मला हातानेच थांबवलं, आवाज रेकॉर्ड होईल म्हणून.

"न्हाई," आबा म्हणाले.

"ऐकू नाही आलं. मोठ्याने म्हणा."

"न्हाई," आबा मोठ्याने म्हणाले. रिकाम्या हॉलमध्ये तो आवाज घुमला. मला रडू आलं ते मी खोकून घालवलं.

परतीच्या वाटेवर एरवी या दोघांची भांडणं ऐकून कान किटतात. त्या दिवशी गाडीत फक्त इंजिनाचा आवाज होता. शाकीरने न्हावऱ्याला रसवंतीपाशी गाडी हळू केली आणि विचारलं, रस घ्यायचा का? मामा म्हणाले, मला नको. आबा म्हणाले, मलाबी नको. दोघांनाही रस आवडतो. मी बरोबर पाण्याची बाटली आणली होती, पाणी बंद असलं की आणतेच, पण आबांनी ती सगळी वाटेतच हरणीला पाजली. स्वतः घोटभरही घेतलं नाही. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

मला दोघांचाही राग येत होता. मामांनी ते इतक्या चटकन का म्हणावं? आणि आबांनी एवढ्या मोठ्याने का म्हणावं? मग माझं मलाच हसू आलं. मोठ्याने म्हणा असं सांगितलं म्हणून म्हणाले, आणि चटकन म्हटलं नसतं तर मामांच्या तोंडून ते निघालंच नसतं. हे मला कळत होतं. त्या दोघांना एकमेकांचं कळत होतं का, कुणास ठाऊक.

शिरूरला मामांच्या अंगणात कडुनिंबाखाली बाज टाकलेली होती. नूरबीमामींनी हरणीला बघून तिची अलाबला घेतली, लांबूनच. कुत्रं उंबऱ्याच्या आत नाही हा त्यांचा नियम, म्हणून सासर असूनही हरणीचा सगळा मान अंगणात. मामा बाजेवर बसले. आबा नेहमी पायथ्याशी बसतात, त्या दिवशी उभेच राहिले.

"आसमीन," मामांनी आत बघून सुनेला हाक मारली, "आबांना पानी आन."

मामी चमकल्या. "अजी, पानी कैसा? अभी पिल्ले..."

"आता चालतंय त्यांला," मामा म्हणाले. आवाज मुद्दाम सरळ ठेवला होता. "दौंडला सांगून आले न्हवं दोनदा. नातं न्हाई म्हनून. मग पानी प्याया काय हरकत हाय?"

आसमीनला यातलं काही माहीत नव्हतं. ती फ्रीजमधलं गार पाणी तांब्यात घेऊन आली. तांब्यावर बाहेरून थेंब जमले होते. आबांनी तो हातात घेतला. इतक्या वर्षांत कुत्री गाभण असताना त्यांनी त्या घरच्या पाण्याला हात लावलेला मी बघितला नव्हता. त्यांचा गळा हलला. तहान लागलेल्या माणसाला पाणी दिसलं की हलतो तसा. शाकीर गाडीच्या दाराशी थांबून बघत होता. ते प्याले असते तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. ऊन तसंच होतं, आणि मामांनी स्वतःच दिलं होतं. पण ते प्याले तर संपलं, एवढं मला कळत होतं.

आबा कडुनिंबाच्या बुंध्याशी गेले. तिथे बादलचं मातीचं वाडगं होतं. त्यांनी गुडघ्यावर हात देत, हळूहळू, खाली बसून तांब्या त्यात रिता केला आणि हरणीला हाक मारली.

"पी बाई. तुजं सासर हाय, तुला चालतंय." मग मामांकडे न बघता म्हणाले, "बापाला अजून न्हाई चालत. पिल्लं होऊ द्या."

हरणी पाणी प्यायला लागली. बादल बाजूला उभा राहून तिचं होईपर्यंत थांबला. तेवढ्यात माझ्या पिशवीत मोबाइल वाजला. क्लबाचा मेसेज होता, नातं नाही, जोडी मंजूर. मी तो वाचून मोबाइल परत पिशवीत टाकला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

सिद्दीकमामा उठले, आबांसाठी बाजेची उशाकडची बाजू हाताने झटकली आणि त्यांना हाताला धरून उभं केलं.

"तसंच तहानलेलं जानार का केंदूरला?" ते म्हणाले. "समोरच्या टपरीवर तर याल का न्हाई, व्याही? त्याच्या घरी तुमी पोरगी दिल्याली न्हाई."

"तितं येतो की," आबा म्हणाले. "पर तितं पानसुपारी मी इचारनार. मागच्या खेपेचं आजून ऐकवताय तुमी."